अंगणातला पन्हाळा

दसरा सरला की आपल्या कोल्हापूर भागात पोरांचे हात मातीने माखतात. कुणी ओढ्याकाठचे दगड आणतो, कुणी माळ्यावरची पोती पळवतो, आणि पहिली पणती लागण्याआधी अंगणात किल्ला उभा राहतो. दिवाळी संपली की तो मोडतो. यंदा त्या किल्ल्याखाली एक पक्की टेकडी करा, म्हणजे मुलांना बारमाही चढायला-उतरायला जागा होईल.

पण आधी पोरांना घेऊन एकदा पन्हाळ्याला जा. कोल्हापुरापासून गड जेमतेम वीस किलोमीटर. 2025 साली युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा यादीत घेतले, त्यात आपला पन्हाळा आहे. 1660 च्या पावसाळ्यात सिद्दी जौहरचा वेढा चुकवून शिवाजी महाराज इथूनच विशाळगडाकडे निघाले, ही गोष्ट तीन दरवाजापाशी उभे राहून सांगा. मग अंबरखान्यात न्या. गंगा, यमुना, सरस्वती अशी त्या धान्यकोठारांची नावे. धान्य वरून, छताच्या भोकांतून ओतत. कणगी भरणाऱ्या घरातल्या पोराला ते लगेच उमजते.

परतताना उतार दाखवा. जिथे गवत आणि झुडपे आहेत तिथे माती धरून आहे, उघडी आहे तिथे ओघळी पडल्या आहेत. 2021 च्या जुलैत अतिवृष्टीने गडावर जाणारा मुख्य रस्ताच खचला होता. डोंगर असो वा अंगणातला ढिगारा, पाणी आत मुरून राहिले की माती जागा सोडते.

आता टेकडीचे गणित. उंची तीन फूट पुरे. माथा तीन फूट रुंद आणि पायथा पंधरा फूट ठेवा, म्हणजे एक फूट उंचीला दोन फूट उतार मिळतो. याला दाबलेली माती सुमारे सव्वादोनशे घनफूट लागते. सुटी माती दाबल्यावर बसते, म्हणून पावणेतीन ब्रास धरा. शेतातली वरची सुपीक माती यासाठी खरवडू नका. विहिरीचा किंवा पायाचा निघालेला मुरूम, तांबडी माती चालेल. नुसती काळी माती नको, ती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते. फवारणीची औषधे जिथे कालवता तिथली माती मुळीच घेऊ नका. काचा, खिळे, काटे वेचून काढा.

माती मुठीत दाबून पाहा. गोळा झाला आणि खाली टाकताच फुटला, तर ओल बरोबर आहे. सहा-सहा इंचांचे थर देऊन प्रत्येक थर धुम्मसाने ठोका. वरचा थर चांगल्या मातीचा ठेवून त्यात हरळीच्या काड्या लावा. जी हरळी उसातून काढता काढता आपली कंबर मोडते, तीच इथे राखणदार होते. फक्त टेकडी पिकापासून लांब ठेवा आणि कडेने उथळ चर काढून पाणी दूर न्या.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो. टेकडीत गुहा किंवा भुयार कोरू देऊ नका. बऱ्याच वर्षांपूर्वी एका गावी, विहिरीच्या ताज्या मुरमाच्या ढिगात पोरांनी बीळ कोरले होते. मी पीकपाहणीला गेलो होतो. ढीग बसला आणि एक पोर छातीपर्यंत गाडले गेले. चार माणसे जवळ होती, हातांनी माती उपसली, म्हणून ते वाचले. त्या आईचा चेहरा मी अजून विसरलो नाही. म्हणून विहिरीचे ढीग उघडे टाकू नका. सुटी माती पसरून टाका, नाहीतर दाबून तिची टेकडी करा.

दिवाळीत याच टेकडीच्या माथ्यावर किल्ला रचा. भिजवलेला अळीव किंवा मोहरी उतारावर पेरून वर बारीक मातीचा हात फिरवा आणि झारीने हलके पाणी द्या. तीन-चार दिवसांत हिरवळ फुटते. तटबंदी पोरांनाच घालू द्या, वाकडी झाली तरी चालेल. माती केव्हा धरते आणि केव्हा सुटते, हे त्यांच्या हातांना तिथेच कळेल. पुढे बांध घालताना तेच कामी येईल.