अधिक मास आणि पेटीचा गंधार

सर्व हिशेबांचा शेवट शून्यात व्हावा ही मनुष्याची फार जुनी इच्छा आहे, आणि ती पुरी होऊ द्यावयाची नाही हा सृष्टीचाही तितकाच जुना निश्चय दिसतो. चंद्राचे बारा महिने मोजले तर ३५४ दिवस भरतात. सूर्याचे वर्ष ३६५ दिवसांचे. दरसाल अकरा दिवस बाकी. संगीतातही तोच प्रकार. षड्जापासून निघून पंचम, त्या पंचमाचा पंचम, असे बारा वेळा चढत गेले, की सातव्या सप्तकापलीकडचा षड्ज भेटावा. परंतु दीडपट बारा वेळा केली असता १२९.७५ येतात, आणि दुप्पट सात वेळा केली असता १२८. भेटलेला षड्ज किंचित चढाच निघतो! आकाशाची आणि तारेची वही लिहिणारे कारकून एकाच शाळेत शिकले असावेत, अशी शंका आम्हांस पुष्कळ दिवसांपासून येत आहे.

आमच्या पूर्वजांनी आकाशातल्या बाकीची जी व्यवस्था लावली तिचे आम्हांस मोठे कौतुक वाटते. सुमारे साडेबत्तीस महिन्यांत साचलेल्या दिवसांचा एक महिना होतो. ज्या चांद्रमासात सूर्याचे संक्रमण घडत नाही तो अधिक ठरतो. त्याला मलमास म्हणून विवाहमुंजींतून वगळले, आणि पुरुषोत्तमाचे नाव देऊन लागलीच त्याची भरपाईही केली. धोंड्याचा महिना आला की जावयाला तेहतीस अनारशांचे वाण मिळते. हिशेबात न बसणाऱ्या बाकीला पाहुणा मानून पाटावर बसविणारा समाज हिशेबात कच्चा म्हणता येणार नाही.

एकोणीस वर्षांत असे सात अधिक मास येतात आणि चंद्रसूर्यांचा मेळ दोन तासांच्या फरकाने जमतो. आता एक गंमत करून पाहावी. सप्तकाचे एकोणीस सारखे भाग कल्पावे. एक भाग म्हणजे एक वर्ष. ज्या वर्षी अधिक मास, त्या जागी स्वर मांडावा. २०१२ चा अधिक भाद्रपद हा षड्ज धरला, तर २०१५ ऋषभ, २०१८ गंधार, २०२० मध्यम, २०२३ पंचम, २०२६ धैवत, २०२९ निषाद आणि २०३१ तार षड्ज. अंतरे तीन, तीन, दोन, तीन, तीन, तीन, दोन. सरळ बिलावल! तेच २००१ च्या अधिक आश्विनापासून आरंभ केला तर मध्यम तीव्र होतो आणि यमन उभा राहतो. यात चमत्कार काही नाही. सात वस्तू एकोणीस जागांत शक्य तितक्या सारख्या अंतराने बसवावयाच्या, तर दुसरी मांडणीच संभवत नाही. लीप वर्षांच्या चक्रांवरून स्वरांच्या अशा मांडण्या करणारे हौशी लोक पश्चिमेकडे आहेत. आणि सप्तकात एकोणीस स्वर ठेवण्याची कल्पना तर स्पेनमधील अंध पंडित सालिनास याने १५७७ मध्येच मांडली होती.

आपल्या पेटीतही एक पंचांग दडलेले आहे. सफेद चारवर जानेवारी ठेवून क्रमाने काळ्यापांढऱ्या पट्ट्या मोजाव्या. एकतीस दिवसांचा प्रत्येक महिना पांढऱ्या पट्टीवर पडतो आणि आखूड महिना काळीवर. जुलै-ऑगस्ट हे दोन थोर बंधू शेजारीशेजारी येतात, तेही सफेद सात आणि एक यांवर!

पण इथेच गमतीची हद्द संपते. बाराव्या पंचमाची बाकी पेटी पाहुणी म्हणून ठेवून घेत नाही. ती सर्व स्वरांत थोडीथोडी वाटून कोणास दिसणार नाही अशी लपविते. सप्तकाचे १२०० सूक्ष्म भाग मानले तर पेटीचा पंचम दोन भाग उतरलेला असतो, आणि गंधार चौदा भाग चढा. पंचमाचे कोणी मनावर घेत नाही. गंधाराचे मात्र दुःख आहे. कारण तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेतून जो गंधार आपोआप उमटतो, तो हा नव्हे.

आमच्या केडगावच्या रेणुकामातेचे नवरात्र नगरात सर्वांस ठाऊक आहे. (पंडिता रमाबाईंचे केडगाव निराळे, ते दौंडकडचे.) त्या दिवसांत भजने ऐकताना आमच्या ध्यानात आले, की वृद्ध गळे अजून पेटीच्या खाली, त्या जुन्या गंधारावर टेकतात, आणि तरुण गळे बिनचूक पट्टीवर. आम्ही पेटीवाल्या बुवांपाशी हे काढले. ते म्हणाले, "सर, चाळीस माणसांना एकत्र ठेवायचं तर कुणीतरी न हलणारं लागतं. म्हातारी माणसं गेली की हा फरकही जाईल बघा." पहिल्या वाक्याला आमच्यापाशी उत्तर नव्हते, दुसऱ्याने मात्र झोप उडविली.

हीच तळमळ सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांना होती. अब्दुल करीम खांसाहेबांच्या गळ्याची साक्ष घेऊन त्यांनी बावीस श्रुतींची मापे काढली, १९१० मध्ये इंग्रजीत पुस्तक लिहिले, आणि क्लेमंट्स साहेबांच्या साहाय्याने श्रुतींची हार्मोनियम सिद्ध करविली. १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत तिच्यावर पुष्कळ वाद झाला. पण ती पेटी देवळांत व घरांत गेली नाही. श्रुती बावीस असोत की अधिक, त्या पट्ट्यांत कोंडल्या की त्यांचेही एक न हलणारे कोष्टक होते.

कोष्टक वाईटच असते असे मात्र नव्हे. कोकणातले बेने इस्राएल बंधू जे यहुदी पंचांग पाळतात, त्यात अधिक मासाची वर्षे कायमची ठरलेली आहेत : तिसरे, सहावे, आठवे, अकरावे, चौदावे, सतरावे आणि एकोणिसावे. त्यामुळेच जगभर विखुरलेला समाज एकाच दिवशी सण करू शकतो. बुवांच्या चाळीस माणसांची गोष्ट हीच. आमचे पंचांग मात्र चक्रावर विसंबत नाही. ते प्रत्येक महिन्याला सूर्य कोठे आहे हे विचारते. म्हणून १९६३-६४ आणि १९८२-८३ या वर्षी एक महिना क्षय होऊन त्याच्या मागेपुढे दोन अधिक आले, तेव्हा ते गडबडले नाही. तंबोऱ्यावर गाणाराही असाच प्रत्येक गंधार नव्याने विचारून घेतो.

तेव्हा पेटी मोडा असे आम्ही म्हणत नाही. नवरात्राच्या नऊ रात्रींतून एक रात्र ती मिटून ठेवावी, नुसता तंबोरा छेडावा, आणि मुलांना वृद्धांच्या शेजारी बसवावे, इतकेच आमचे मागणे आहे. बाकी वाटून टाकल्याने हिशेब सोपा होतो, यात शंका नाही. परंतु ती होती, हे ठाऊक असलेले कान तरी मागे उरले पाहिजेत.