नागोबा नेमका कोण?

‘आयत्या बिळावर नागोबा’ ही म्हण आपण फार सढळ हाताने वापरतो. वाड्यात ठाण मांडून बसलेला दूरचा चुलता, दुसऱ्याच्या अहवालावर सही ठोकणारा साहेब, सगळे तिच्यात बसतात. म्हणीत चीड आहे, आणि चीड असली की विचार करावा लागत नाही. कॅलिफोर्नियातल्या डेथ व्हॅलीत ‘स्कॉटीज कॅसल’ पाहिल्यापासून मात्र ती माझ्या तोंडी अडखळते.

वॉल्टर स्कॉट ऊर्फ स्कॉटी हा तर अस्सल नागोबा. बफेलो बिलच्या खेळांत घोडेस्वारी करून झाली, मग याने वाळवंटात सोन्याची खाण सापडल्याची थाप मारली आणि तिच्यावर पैसे उकळले. शिकागोच्या विमा कंपनीचा मालक अल्बर्ट जॉन्सन त्यात सापडला. १९०६ मध्ये खाण दाखवायची वेळ आली, तेव्हा स्कॉटीने वाटेत लुटारूंच्या हल्ल्याचं नाटक रचलं. त्यात गोळी लागली ती त्याच्याच भावाला!

पुढे थाप उघडी पडली. आपल्याकडे प्रकरण पोलीस चौकीत गेलं असतं. जॉन्सन मात्र वाळवंटात येतच राहिला. १८९९ च्या रेल्वे अपघातात त्याचे वडील गेले होते, त्याची स्वतःची पाठ मोडली होती. त्या कोरड्या हवेत त्याला बरं वाटे. १९२२ मध्ये त्याने ग्रेपव्हाइन कॅन्यनमध्ये बांधकाम काढलं. स्कॉटी भेटेल त्याला सांगे, घर माझं, खाणीच्या पैशातून उठतंय. जॉन्सनला विचारलं तर तो म्हणे, मी नुसता त्याचा बँकर. फाटकावर दोघांची आद्याक्षरं आहेत. धन्यानेच नागोबाला पाट मांडून दिला, तर म्हणीने काय करावं?

घर देखणं आहे. दिवाणखान्यात जास्पर दगडाची भिंत. तिच्यावरून पाणी झिरपून खालच्या कुंडात पडावं आणि हवा गार व्हावी, अशी योजना. झऱ्याच्या पाण्यावर वीज, संगीतदालनात हजारावर नळ्यांचा ऑर्गन. १९३०च्या दशकातले कपडे घातलेली मार्गदर्शक हे सगळं अशा थाटात सांगत होती, की मालक आतल्या खोलीत बसलेत असं वाटावं.

माझ्या मनात घर केलं ते रेल्वेच्या स्लीपरांनी. शेकोट्यांच्या सरपणासाठी जॉन्सनने बंद पडलेल्या रेल्वेचे लाखभर स्लीपर विकत घेतले होते. कितीतरी अजून शेजारच्या दरीत रचून ठेवलेले आहेत. उन्हाने करडे पडलेले, काहींत खिळ्यांची भोकं. ही रेल्वे आली होती खऱ्या सोन्यासाठी. जवळच्या बुलफ्रॉग भागात खरंच सोनं निघालं, ऱ्हायोलाइट नावाचं गाव उभं राहिलं आणि काही वर्षांतच ओस पडलं. खऱ्या सोन्याच्या गावाच्या भिंती ढासळल्या, त्याच्या रेल्वेचं सरपण झालं. आणि खोट्या खाणीच्या नावावर एवढं मोठं घर दिमाखात उभं. इथे चीड यावी की हसू?

बरं, जॉन्सन तरी धनी होता का? मोजणीत घोळ निघाला आणि कळलं, की घर सरकारी जमिनीवर उभं आहे. मंदीत त्याची कंपनी बुडाली, बांधकाम १९३१ मध्येच थांबलं होतं. पोहण्याचा तलाव अर्धवटच राहिला. जमीन विकत मिळाली १९३७ मध्ये, एकरी सव्वा डॉलरने. आणि सरकारच्याही आधी या प्रदेशात टिंबिशा शोशोनी लोक राहत होते. त्यांच्यातलेच काही या बांधकामावर मजूर होते.

नाग कधी बीळ खणत नाही, खणतात उंदीर. म्हणीत उंदराचं नावही नाही. इतकी वर्षं ती वापरून हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. पण उंदीर कोण, हे ठरवायला गेले तर पुन्हा अडते. स्कॉटी तरी काय भोगत होता? पाहुण्यांना आपली खोली दाखवून तो काही मैलांवरच्या आपल्या साध्या खोपटात निजायला जाई.

जॉन्सन १९४८ मध्ये गेला. त्याने घर एका धर्मादाय संस्थेला दिलं. संस्थेने स्कॉटीला अखेरपर्यंत सांभाळलं. १९५४ मध्ये तो वारला. घरामागच्या टेकडीवर त्याची कबर आहे. वास्तूचं खरं नाव ‘डेथ व्हॅली रँच’. नकाशावर छापतात ते ‘स्कॉटीज कॅसल’.