‘मामाकडं गेलाय’

इगतपुरी तालुक्यात शिकवणाऱ्या शिक्षकाला पोरांच्या गैरहजेरीचं वेळापत्रक पाठ असतं. आवणीला पोरं खाचरात, दिवाळीनंतर आईबापांबरोबर वीटभट्टीवर. सप्टेंबर २०२२मध्ये उभाडे इथल्या कातकरी वस्तीतली जेमतेम १० वर्षांची मुलगी दगावली आणि या वेळापत्रकात न बसणारी गैरहजेरी उघड झाली. काही हजार रुपये आणि एखादी मेंढी आईबापांच्या हातावर ठेवून, मेंढ्या वळायला लहान पोरं नगर जिल्ह्यात नेली जात होती. श्रमजीवी संघटनेने प्रकरण लावून धरलं, गुन्हे दाखल झाले.

पुढच्या पावसाळ्यात माझ्या वर्गातला तिसरीतला मुलगा येईनासा झाला. घरी गेले, तर आई म्हणाली, “मामाकडं गेलाय, बाई.” मामाचं गाव मात्र तिला सांगता येईना. झोपडीमागे कोकरू बांधलेलं होतं. त्या वस्तीत मेंढ्या कुणीच पाळत नाही. मी आवाज चढवला नाही, ओट्यावर बसून राहिले. शेवटी तीच बोलली. नवरा अंथरुणाला खिळलेला, दुकानाची उधारी थकलेली. “त्याच्या पोटाला तरी मिळंल म्हणून धाडला.”

तिला सांगूनच मी १०९८ या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर फोन लावला. मुलगा सापडला. कायद्याप्रमाणे त्याला २४ तासांच्या आत बालकल्याण समितीपुढे उभं केलं. आईला धास्ती वेगळीच होती: खर्चून टाकलेली उचल परत मागितली तर? मी तिला १९७६चा वेठबिगारीविरोधी कायदा सांगितला. असं कर्ज फेडायचंच नसतं, कायद्याने ते बुडतं. पण प्रांत कार्यालयातून मुक्तीचा दाखला हातात पडला तेव्हाच तिचा विश्वास बसला.

मुलगा शाळेत परतला. खिचडी ताटात पडली की आधी चौफेर बघायचा, मगच घास घ्यायचा. ती सवय जायला दिवाळी उजाडली.

आईला दोष देणं सोपं आहे, पण त्या घराला वेळेत रेशन आणि औषध मिळालं असतं तर पोर गेलंच नसतं. म्हणून शिक्षकांना, अंगणवाडीताईंना, शेजाऱ्यांना एवढंच सांगणं आहे: एखादं मूल बरेच दिवस ‘पाहुण्यांकडे’ असेल, तर पाहुण्यांचं गाव विचारा. उत्तर अडखळलं, तर १०९८ला कळवा. स्वतःचं नाव सांगण्याची सक्ती नाही. पुरावे गोळा करणं यंत्रणेचं काम आहे. शंका बोलून दाखवणं आपलं.