जाळे न विणणारे कोळी

मुंब्र्याच्या आमच्या घरात दादी कोळी मारू देत नाही. जळमटे काढा, पण कोळ्याला हात लावू नका, असा तिचा हुकूम. सौरच्या गुहेच्या तोंडावरचे जाळे तिच्या मनात असते. परवा सोसायटीने जिन्यात नोटीस लावली: सोमवारी घरोघर कीटकनाशकाची फवारणी. धाकट्याने स्वयंपाकघराच्या भिंतीवर टुणकन उडी मारणाऱ्या कोळ्याकडे बोट दाखवून विचारले, "दादी, हा तर जाळेच विणत नाही. मग याला माफी कशी?" दादीला उत्तर सुचेना, आम्हालाही नाही. थोरलीने कॉलेजात ऐकले होते की असे कोळी गोरेगावच्या आरे कॉलनीत भरपूर दिसतात. रविवारी डबे बांधून आम्ही निघालो.

पावसाळा सरत आला होता. तबेल्यांचा वास, ओले गवत, डोक्याएवढी वाढलेली झुडपे. पहिला अर्धा तास काहीच दिसले नाही. आमची नजर लांब जात होती आणि कोळी तर हातभर अंतरावर असतो! शेवटी एका रुंद पानावर तुरीच्या दाण्याएवढा एक दिसला. आम्ही वाकलो, तसा तो वळून आमच्याकडेच पाहू लागला. या कुळाची ओळख तीच. आठ डोळ्यांपैकी समोरचे दोन मोटारीच्या दिव्यांसारखे मोठे. बाकीचे सहा आजूबाजूची हालचाल टिपतात.

शास्त्रात या कुळाला साल्टिसिडी म्हणतात. कोळ्यांचे सर्वांत मोठे कुळ हेच. जगात माहीत असलेल्या कोळ्यांच्या 50,000 हून अधिक जातींपैकी 6,000 हून अधिक यातल्या. यांच्या पायांत टोळासारखे जाड स्नायू नसतात. शरीरातल्या द्रवाचा दाब मागच्या पायांत सोडून ते उडी घेतात. आणि उडीआधी पानाला एक धागा चिकटवतात, पडलेच तर लटकायला. म्हणजे धागा यांच्याकडेही आहे. बहुतेक जण त्याचे शिकारीचे जाळे करत नाहीत इतकेच; झोपायला आणि अंडी ठेवायला छोटी थैली मात्र विणतात.

आंब्याच्या झाडावर तर आम्ही साफ फसलो. पाने शिवून घर करणाऱ्या तांबड्या मुंग्यांच्या रांगेजवळ एक मुंगी जरा वेगळी चालत होती. थोरलीने पाय मोजले: आठ! पुढचे दोन पाय वर धरून तो कोळी त्यांच्या मिशा केल्यासारखे हलवत होता. मुंग्या चावतात म्हणून पक्षी त्यांच्या वाटेला जात नाहीत, त्याचा फायदा हा घेतो.

असल्या सोंगाड्यांची वर्गवारी करायची कशी? नुसत्या रूपावर भागत नाही. नराच्या तोंडाजवळचे आखूड अवयव सूक्ष्मदर्शकाखाली तपासावे लागतात. 2015 साली वेन मॅडिसन यांनी डीएनएच्या आधारे हे कूळ सात उपकुळांत मांडले; तरी बहुतेक जाती एकाच उपकुळात येतात. नव्या जाती अजून सापडत आहेत, त्याही आपल्या दारात. 2021 साली ठाण्यातल्या एका नव्या जातीला 26/11 च्या रात्री कसाबला जिवंत पकडून देताना प्राण दिलेल्या तुकाराम ओंबळे यांचे नाव दिले गेले: इसियस तुकारामी. हे ऐकून धाकटा बराच वेळ गप्प होता.

परतताना मेट्रो कारशेडच्या बाजूने आलो. 2019 च्या ऑक्टोबरात इथली 2,000 हून अधिक झाडे दोन दिवसांत पडली. त्यांच्या पानांवर कोण कोण होते, ते कुणी मोजले नाही.

घरी दादीला सगळे सांगितले. भिंतीवरचा काळा-पांढरा कोळी आणि भुरकट कोळी, जे आम्ही दोन वेगळ्या जातींचे समजत होतो, ते एकाच जातीचे नर-मादी, हेही सांगितले. "मियाँ-बीवी आहेत होय," दादी म्हणाली. धाग्याचे ऐकून तिने धाकट्याच्या पाठीत हलकीशी चापट मारली.

सोमवारी फवारणीवाला आला. दादी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर खुर्ची टाकून बसली होती. "बाहेरच्या खोलीत मार," तिने त्याला सांगितले, "इथे नको."