पस्तीस रंगांची पेटी

काही वस्तू घरात येण्यापूर्वीच त्यांची कीर्ती घरात येऊन बसते. अशा वस्तूचे पुढे मोठे कठीण होते. तिला नुसते चांगले असून भागत नाही. कीर्तीइतके चांगले असावे लागते. माणसांचेही असेच आहे. ज्या सुनेचे गुण लग्नाआधी सहा महिने गावभर गायिले गेले, तिला पहिली दिवाळी फार अवघड जाते.

पापण्यांना लावावयाच्या रंगांची एक थोरली पेटी यंदा चैत्रात आमच्या जुन्नरच्या घरी आली, ती अशीच आपली कीर्ती पुढे धाडून आली होती. पुण्यास नोकरी करणाऱ्या माझ्या भाचीने ती आणली. वैशाखात तिचे लग्न मंचरला व्हावयाचे होते. पेटी उघडली तेव्हा पाच ओळी आणि प्रत्येक ओळीत सात रंग असे पस्तीस रंग आमच्याकडे पाहू लागले. "मावशी," भाची म्हणाली, "तुझा नि माझा वर्ण एकच आहे. तू लावून बघ आणि खरे काय ते सांग. दुकानातली बाई खरे सांगत नाही, आणि मैत्रिणी तर मुळीच सांगत नाहीत."

वर्ण एकच, म्हणजे सावळा. आमच्याकडे तो माझ्या आजीपासून चालत आला आहे, आणि त्याच्याबरोबर उपदेशही चालत आला आहे. फिकट पातळ नको, डोळ्यांत भरेल असा रंग नको, उन्हात फार हिंडू नको. हा उपदेश प्रेमानेच केला जातो, म्हणून तो झटकून टाकणे जड जाते. भाची माझ्याकडे रंगांची परीक्षा मागत होती खरी. परंतु लग्नाच्या दिवशी आपल्या चेहऱ्याचे काय करायचे, हा तिचा खरा प्रश्न होता, हे मला तेव्हाच कळले.

अशा पेट्यांचे वेड फार जुने नाही. अमेरिकेतील अर्बन डिके या कंपनीने २०१० साली 'नेकेड' नावाची पेटी काढली. तीत बाराच रंग होते, आणि तेही बहुतेक मातकट व तपकिरी. ती इतकी खपली की पुढे प्रत्येक कंपनीला आपली पेटी असावीशी वाटू लागली. २०१८ साली तिचे उत्पादन थांबले. त्याच वर्षी मॉर्फी या दुसऱ्या अमेरिकन कंपनीने एकोणचाळीस रंगांची पेटी बाजारात आणली होती. बाराचे एकोणचाळीस व्हायला अवघी आठ वर्षे लागली. पापण्या मात्र दोनच राहिल्या.

परीक्षा करावयाची तर ती रीतसर करावी, असे मी ठरविले. नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचे गिऱ्हाईक वरच्या थरावरची लालबुंद फळे पाहून भाव करीत नाही. ते हात खाली घालून तळची फळे पाहते. मीही रोज एक ओळ याप्रमाणे पाच दिवस सगळे रंग लावून पाहिले. सकाळी आठ वाजता, शिवनेरी समोर दिसतो त्या पडवीत, दिव्याच्या नव्हे तर दिवसाच्या उजेडात रंग लावावयाचा, आणि दुपारी दोन वाजता पुन्हा आरशात पाहावयाचे, असा नेम ठेवला.

पहिल्या ओळीत पांढरट, गुलाबी आणि मोतिया रंग होते. ते माझ्या पापणीवर अंगाऱ्यासारखे दिसले. दुसऱ्या ओळीतील बिनचमकीचे तपकिरी रंग लावले, आणि ते माझ्या कातडीत असे विरून गेले की लावले होते की नाही याचा मलाच संशय पडला. तिसऱ्या ओळीने मात्र माझा आळस घालविला. तांब्याचा, पितळेचा आणि जुन्या सोन्याचा असे तीन रंग तिच्यात होते. कुंचल्याने ते गालावर सांडत, पण बोट किंचित ओले करून लावले की पापणीवर नीट बसत. चौथ्या ओळीतील विटकरी आणि पाचव्या ओळीतील गडद निळा व जांभळाही चांगले उठले. पाच दिवसांच्या अखेरीस हिशेब केला तो असा: एका हातात दिसणारे रंग नऊ, दोनतीन हात दिल्यावर दिसणारे सहा, आणि उरलेले वीस आमच्या वर्णाच्या माणसाला जवळजवळ निरुपयोगी. शिवाय चैत्राच्या उन्हात दोन वाजेपर्यंत सगळेच रंग पापणीच्या घडीत गोळा होत. खाली मलमाचा पातळ हात दिला, तर ते संध्याकाळपर्यंत टिकत.

याचे कारण गूढ नाही. फिकट रंगांना अंग यावे म्हणून त्यांत शंखजिरे आणि टायटॅनियम डायॉक्साइडसारखी पांढरी द्रव्ये घालतात. गोऱ्या कातडीत ती पांढरी माती लपते. सावळ्या कातडीवर रंगाच्या आधी तीच दिसते. चमकीच्या रंगांत अभ्रकाच्या बारीक पापुद्र्यांवर धातूच्या ऑक्साइडचा लेप असतो. त्यांचे तेज उजेड परतविण्यातून येते, म्हणून ते कोणत्याही वर्णावर उठते. आणि विटकरी रंग म्हणजे बहुतांशी लोहाचे ऑक्साइड. आपण तुळशीवृंदावनाला गेरू लावतो त्याचाच हा सुशिक्षित भाऊ. पेटी वाईट नव्हती. ती करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे कोणाची पापणी होती, एवढाच प्रश्न होता.

डोळ्यांच्या शृंगाराचे परदेशी कौतुक या भागाला नवीन नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात भडोच बंदरात उतरणाऱ्या मालाची यादी आहे. तीत दारू, तांबे, शिसे, पोवळी यांच्याबरोबर मनशीळ आहे आणि सुरमाही आहे. त्या काळच्या समुद्रव्यापाराची एक वाट कल्याणहून नाणेघाटाने चढून जुन्नरला येई. घाटमाथ्यावर जकातीचा म्हणून दाखविला जाणारा दगडी रांजण आजही उभा आहे. तेव्हाही परदेशी सुरम्याचे गुण कोणी तरी मोठ्या आवाजात गात असेलच! घरोघरच्या बायका मात्र पुढे कित्येक शतके तेलाच्या दिव्यावर तांब्याचे तबक उपडे धरून काजळी जमवीत, आणि ती तुपात खलून डबीत भरीत. ते काजळ कोणत्याही वर्णाच्या डोळ्याला शोभे. शिसे असलेला सुरमा अपायकारक आहे आणि तान्ह्या मुलांच्या डोळ्यांत काजळही घालू नये, असे आता डॉक्टर सांगतात, ते ऐकावे.

पेटीची जाहिरात खोटी होती काय? असे मला म्हणवत नाही. आमच्या नारायणगावात गुढीपाडव्याच्या सुमारास तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पुढारी यात्रांच्या सुपाऱ्या ठरवावयास येतात. विठाबाई नारायणगावकर (१९३५–२००२) यांच्या नावाने हे गाव महाराष्ट्रभर ओळखले जाते. तमाशातील रंगभूषा शेवटच्या रांगेतील प्रेक्षकासाठी आणि दिव्यांच्या झोतासाठी असते. तीच रंगभूषा करून कोणी सकाळी भाजी आणावयास गेले तर लोक हसतील. पण म्हणून रंगभूषा खोटी ठरत नाही. जाहिरातीतला डोळाही दिव्यांच्या झोतातलाच असतो. तो पडवीच्या उजेडातला समजणे हे मात्र नडते.

मी पेटीतील नऊ रंगांवर खुणा करून ती भाचीच्या हाती दिली आणि म्हणाले, "पापणीला तांब्याचा रंग, डोळ्यांत काजळ, आणि चेहरा आहे तसा." ती काही वेळ बोलली नाही. मग तिने सांगितले की ज्या बाई तिला नवरीचा साज करणार होत्या, त्यांनी चेहरा दोन छटा उजळ करावयाचे ठरविले होते, आणि ही मागणी सासरहून आली होती. फोटोत मुलगी काळी दिसू नये एवढेच त्यांचे म्हणणे होते. 'फेअर अँड लव्हली' हे १९७५ पासून घरोघर गेलेले नाव २०२० साली बदलून 'ग्लो अँड लव्हली' झाले. डबीवरचा शब्द गेला, पण माणसांच्या मनातला शब्द इतक्या लवकर जात नाही. "सासूबाईंना पहिल्याच दिवशी नाही म्हणू?" तिने विचारले. या प्रश्नाचे उत्तर देण्याचा अधिकार मला नव्हता. मी एवढेच म्हटले, "त्या चेहऱ्याने तुला पुढे रोज त्यांच्यासमोर वावरायचे आहे."

मंचरला मांडवात ती आपल्याच वर्णाची उभी राहिली. पापणीवर तांब्याची झाक होती, डोळ्यांत काजळाची रेघ होती. कोणी काही म्हणाले नाही. सासूबाईंनी तिच्याकडे दोनदा पाहिले आणि मग त्या अक्षता वाटावयास गेल्या.

वीस दिवसांनी फोटोंचा अल्बम आला. छायाचित्रकाराने, कोणी न सांगता, आपल्या नेहमीच्या रिवाजाने, संगणकावर नवरीचा चेहरा उजळ करून टाकला होता. त्या उजळण्यात पापणीवरचा तांब्याचा रंग पार पुसला गेला होता आणि डोळे कोणा तिऱ्हाइताचे असावेत तसे दिसत होते. भाचीने अल्बम मिटला, तो सासूबाईंपुढे ठेवला आणि शांतपणे म्हणाली, "आई, हा मी परत पाठवते. यात मी नाही." त्यांनी तो उघडून पहिली चार पाने पाहिली. मग त्यांनीच छायाचित्रकाराला फोन लावला आणि त्याला सांगितले, की आमची सून जशी आहे तशी छापून दे.

दुसरा अल्बम यायला आणखी पंधरा दिवस लागले.