पांढरं पाणी

१.
लातूर-औसा रस्त्याकडेचं फार्महाऊस. अंगणात पोहण्याचा तलाव: आठ मीटर लांब, चार मीटर रुंद, सरासरी सव्वा मीटर खोल. चाळीस हजार लिटर. पाणी ताकासारखं. मालक म्हणाले, "क्लोरीन कमी पडलंय बगा." अजून टाकलं. संध्याकाळी ताक दाट.

२.
पाणी बोअरचं. बेसाल्टच्या भेगांतून कॅल्शियम-मॅग्नेशियम बरोबर घेऊन वर आलेलं. याच पाण्यात साबणाला फेस येत नाही, डाळ शिजता शिजत नाही, गिझरच्या कॉइलवर पांढरा थर चढतो. तलावात पीएच आठच्या वर गेला आणि वरून ऊन तापलं, की विरघळलेला चुना विरघळलेला राहत नाही. कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक कण होऊन तरंगायला लागतो. पांढरेपणा तो. तिथे मारायला जिवंत काही नाहीच, क्लोरीन करणार काय?

३.
ओळखायची युक्ती. काचेच्या ग्लासात तलावाचं पाणी घ्या, थोडं व्हिनेगर टाका. निवळलं तर चुना. नाही निवळलं तर धूळ, शेवाळ किंवा मेलेलं शेवाळ. खर्च पाच रुपयांच्या आत.

४.
ग्रामपंचायतीचा पाणी सोडणारा माणूस टीसीएल (ब्लीचिंग) पावडर थेट टाकीत ओतत नाही. आधी बादलीत कालवतो, गाळ खाली बसू देतो, वरची निवळी तेवढी टाकीत सोडतो आणि तळाचा चुना फेकून देतो. फार्महाऊसवर तीच पावडर पोत्यातून सरळ तलावात. चुना फुकट.

उघड्या पोत्यातल्या पावडरीचा जोर महिन्यागणिक उतरतो, हे वेगळंच. ताजीत तेहेतीस टक्क्यांच्या आसपास क्लोरीन. जुनीत किती, ते पोत्यालाही सांगता येणार नाही.

५.
पीएच ७.५ असेल तर पाण्यातल्या क्लोरीनपैकी साधारण निम्मं कामाचं. आठला जेमतेम पाव. बाकीचं पाण्यात हजर असतं, इतकंच. म्हणून पीएच ७.२ ते ७.६ च्या दरम्यान राहावा. आधी ॲसिडने पीएच, मग क्लोरीन. दुकानदार नेमकं उलट सांगतो, कारण क्लोरीनचा डबा मोठा असतो.

६.
पाहुणे: "काय वास येतोय क्लोरीनचा! पाणी अगदी स्वच्छ ठेवता तुम्ही."
तो वास क्लोरामाइनचा. घाम, लघवी आणि क्लोरीन यांच्या संयोगाने होणारं. नाकात वास जितका जास्त, तितकं पाण्यात मोकळं क्लोरीन कमी असण्याचा संभव. हे पाहुण्यांना सांगितलं नाही.

७.
आरोग्य खातं गावच्या पाण्याच्या स्रोतांची तपासणी करून ग्रामपंचायतीला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड देतं. फार्महाऊसच्या तलावाला कुठलंच कार्ड नाही.

८.
तलावाची देखभाल करायला येणारा तरुण मूळचा ठिबकवाला. इथे येण्याआधी उसाच्या आणि द्राक्षांच्या रानात नळ्या जोडायचा. त्याला तलावात नवीन काही दिसलं नाही. सँड फिल्टर ठिबकलाही असतो. फिल्टरवरचं दाबाचं मीटर चढलं की बॅकवॉश, म्हणजे पाणी उलटं सोडून धुणं, हेही तसंच. ड्रिपरच्या तोंडाशी क्षार बसले की लॅटरलच्या नळीतून ॲसिड सोडायचं, शेवाळ झालं तर क्लोरीन. मराठवाड्यातला बराचसा बागायतदार हे वर्षानुवर्षं करत आलाय. फक्त त्याला कोणी 'पूल केमिस्ट्री' म्हटलं नव्हतं.

फिल्टर धुऊन झाल्यावर दाब किती आहे, तो खडूने भिंतीवर लिहून ठेवतो. त्याहून अर्धा-पाऊण बार चढला की बॅकवॉश. छापील माहितीपुस्तकाच्या वीस पानांत मला एवढं उपयोगी वाक्य सापडलं नाही.

बॅकवॉशचं पाणी नारळाला जातं. त्याने पाईप आधीच तिकडे वळवून ठेवला होता. क्लोरीन जास्त असेल त्या दिवशी मात्र नाही.

९.
त्या ठिबकवाल्याचे तीन नियम, त्याच्याच शब्दांत:
"ॲसिड पाण्यात. पाणी ॲसिडात नाही."
"ॲसिड अन् पावडर एका खोलीत ठेवायची नाही. एकमेकाला भेटले की गॅस होतो."
"दिवसा क्लोरीन टाकायचं नाही. सूर्य पिऊन घेतो."

१०.
सूर्याने पिऊ नये म्हणून स्टॅबिलायझर मिळतो: सायन्युरिक ॲसिड. तीस ते पन्नास पीपीएम पुरे. पण ट्रायक्लोर नावाच्या क्लोरीनच्या गोळ्यांमधून तो रोज थोडा थोडा वाढतच जातो, आणि उडून जात नाही. फार झाला की क्लोरीन असून नसल्यासारखं. क्षारांचंही तेच: पाणी उडतं, क्षार राहतात, आणि उणीव भरायला पुन्हा बोअरचंच पाणी. दोन्हींवर पुस्तकातला उपाय एकच: निम्मं पाणी काढून टाका आणि नवं भरा. पुस्तक लिहिणाऱ्याने एप्रिलमधलं लातूर पाहिलेलं नसावं.

११.
मार्च २०१६, दुष्काळ: लातुरात पाण्याच्या टाक्यांपाशी जमावबंदी, कलम १४४.
१२ एप्रिल: मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे. दहा वाघिणी, एकेकीत सुमारे पन्नास हजार लिटर. वाघिणी आधी राजस्थानात कोट्याला वाफेने धुऊन घेतलेल्या.
१३ एप्रिल: ३० तारखेनंतरचे आयपीएल सामने राज्याबाहेर हलवा, असा मुंबई उच्च न्यायालयाचा आदेश.
सप्टेंबरअखेर: लातूर-नांदेडात पूर.

१२.
नांदेड. इथे दुखणं वेगळं. पावसाळ्यात विष्णुपुरीच्या जलाशयात गोदावरी माती घेऊन येते आणि घरोघरी हंड्यात तुरटी फिरते. तलावालाही तुरटीच, फक्त किलोच्या हिशेबात. पण पीएच आठच्या वर असताना टाकली तर तिचा काही भाग विरघळून पाण्यातच राहतो आणि पीएच उतरल्यावर नव्याने गढूळपणा काढतो. प्रमाण बरोबर बसलं तर पंप बंद करून रात्रभर थांबायचं. सकाळी तळाशी करडा थर. तो व्हॅक्यूमने थेट बाहेर काढायचा, फिल्टरमधून न्यायचा नाही. इथे घाई झाली की थर पुन्हा उठतो.

१३.
शेवग्याच्या बियांची पूडही गढूळ पाणी खाली बसवते. सुदानमध्ये नाईलकाठच्या बायका ती वापरत आल्या आहेत. आमच्याकडे शेवगा बांधाबांधावर. शेंगा आमटीत, जून बिया उकिरड्यावर.

१४.
शेततळं, तीस बाय तीस, तीन मीटर खोल, बाजू उताराच्या: जवळजवळ बावीस लाख लिटर. पाणी हिरवं. क्लोरीनचा प्रश्नच नाही. पोरं मे महिनाभर त्यातच. प्लास्टिकच्या अस्तरावर पाय ठरत नाही, एकदा घसरला की वर चढता येत नाही. काठाला खुंटीशी बांधलेली दोरी असेल तर नशीब. फार्महाऊसच्या तलावाला स्टीलची शिडी, दोन.

१५.
विहिरीत आरोग्य खातं गप्पी मासे सोडतं, डासांच्या अळ्या खायला. फार्महाऊसच्या शेजारचे लोक आपला पोहण्याचा तलाव महिनाभर बंद ठेवून गावाला गेले. आल्यावर पाणी हिरवंगार आणि अळ्याच अळ्या. घरच्या आजी म्हणाल्या, "गप्पी सोडा की त्यात."

क्लोरीनच्या किमतीपेक्षा मासे स्वस्त, यावर घरात दोन दिवस वाद चालू होता.

१६.
तळाची जाळी काठावरून स्पष्ट दिसत नसेल तर कोणीही पाण्यात उतरायचं नाही. हा नियम सगळीकडे सारखा. फार्महाऊसवर मालकांनी तो फ्लेक्सवर छापून घेतला. खाली स्वतःचा फोटो.