ज्यो आणि ताटांचा क्रम

गोष्ट लिहायला बसलं की पहिला प्रश्न हाच पडतो बघा : घरातलं किती सांगायचं? हा प्रश्न आला की मला शांता शेळक्यांनी मराठीत आणलेल्या 'चौघीजणी'तली ज्यो आठवते. गोट्या, फास्टर फेणे मला आवडायचेच. पण ते खोड्या काढायचे, चोर पकडायचे. ज्यो माळ्यावर बसून लिहायची. लिहिणारी मुलगीसुद्धा पुस्तकात असते, हे मला तिच्यामुळे कळलं.

कादंबरी सुरू होते नाताळात. भेटवस्तूंना पैसे नाहीत, वडील युद्धावर, आणि चौघी बहिणी आपली न्याहारी उचलून एका उपाशी कुटुंबाला देऊन येतात. मला वाटायचं, ही तर आपल्याचसारखी माणसं! दान आणि त्याग यांच्याशिवाय आपला तरी कुठला सण पार पडतो?

पुढे लेखिकेचं, लुइझा मे अल्कॉटचं चरित्र वाचलं. १८४३ साली तिच्या वडिलांनी मॅसॅच्युसेट्समध्ये 'फ्रूटलँड्स' नावाची वसाहत काढली. मांस नाही, अंडी नाहीत, दूध-लोणीही नाही. मेंढीची म्हणून लोकर नको, गुलामांच्या कष्टाचा म्हणून कापूस नको. वाचताना माझी मान आपोआप डोलली. पण तत्त्वं बोलायची पुरुषांनी आणि राबायचं आईनं! सात-आठ महिन्यांत, कडाक्याच्या थंडीत सगळं मोडलं. लुइझा तेव्हा अकरा वर्षांची होती.

पंचवीस वर्षांनी, १८६८ मध्ये तिनं ही कादंबरी लिहिली. तीत वसाहत नाही. वडिलांना तिनं युद्धावर पाठवलं. खरं तर युद्धात परिचारिका म्हणून गेली होती ती स्वतः. आई मात्र जागची हलली नाही, घराच्या मधोमध राहिली. १८७३ मध्ये तिनं त्या वसाहतीवरही लिहिलं, नावं बदलून, चिमटे काढत. त्यात पुरुष प्रचाराला गेलेत, वादळ येतंय, आणि आई पोरांना घेऊन जवाचं पीक वाचवते आहे.

मला माझ्या आईची गोष्ट लिहायचीय. दशलक्षणात घरातल्या सगळ्यांचे उपवास, एकाशनं ती सांभाळायची. दिवस मावळायच्या आत प्रत्येकाचं ताट वाढलेलं असायचं. शेवटचं ताट तिचं. ते वाढायच्या आधीच कितीदा तरी सूर्य बुडायचा. मग ती पाणीसुद्धा न पिता भांडी घासायला बसायची. उपवास करणाऱ्यांचा बस्तीत सत्कार व्हायचा. तिचे हे उपवास कुणी मोजलेच नाहीत.

आक्का म्हणते, "घरचं चव्हाट्यावर कशाला आणतीस? लोक धर्माला नावं ठेवतील." मला धर्माला नावं ठेवायची नाहीत गं. त्याच धर्मानं मला मुंगीकडेही बघायला शिकवलं. मग चुलीपुढच्या बाईकडे न बघून कसं चालेल?

नावं बदलीन, गाव बदलीन. वाटल्यास आक्काला गोष्टीतून वगळीनसुद्धा. ताटं वाढण्याचा क्रम मात्र होता तसाच ठेवणार आहे.